सुरुवात आपापली, पंगत एकच

वाचकाचं पत्र

नमस्कार दादा,

आम्ही भुसावळचे. मिस्टर रेल्वेत आहेत, मी शाळेवर आहे. नणंद मँचेस्टरला असते, ती डिसेंबरात दोन मुलांना घेऊन पंधरा दिवस माहेरी येतेय. मागे तिने तिकडच्या पीक डिस्ट्रिक्ट नावाच्या डोंगराळ राष्ट्रीय उद्यानातले फोटो पाठवले होते. लहान मुलं, म्हातारी माणसं, हाताने चालवायच्या तीनचाकीवरचा एक माणूस, सगळे एकाच रस्त्यावर, एकाच बोगद्यातून निघालेले. तेव्हापासून घरात एकच विषय आहे की आपणही सगळ्यांनी मिळून सातपुड्यात सायकलने जायचं. माझा मुलगा १५ वर्षांचा, त्याच्याकडे गिअरची सायकल आहे आणि त्याला थंड हवेचं, उंचावरचं तोरणमाळच हवं. मुलगी ९ वर्षांची. मी कॉलेज सुटल्यापासून सायकलला हात लावलेला नाही, मिस्टरांचा गुडघा दुखतो, सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत. धाकट्या दिरांना लहानपणी पोलिओ झाला. ते हाताची तीनचाकी चालवतात, मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे त्यांचं. ते म्हणाले, ‘तुम्ही जाऊन या, मी दुकान बघतो.’ आपल्या खान्देशात डोंगरात असा एखादा रस्ता आहे का, जो आमच्या घरातल्या सगळ्यांना जमेल?

एक वाचक, भुसावळ

उत्तर

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रात मुलाच्या सायकलबद्दल आहे, तोरणमाळबद्दल आहे, मिस्टरांच्या गुडघ्याबद्दल आहे. दिरांबद्दल त्यांचं स्वतःचं एकच वाक्य आहे, आणि मी तिथेच अडकलो. ‘मी दुकान बघतो’ म्हणणारा माणूस बहुतेक वेळा दुकानाबद्दल बोलत नसतो. आपल्यामुळे सगळ्यांना थांबावं लागेल, कुणीतरी ढकलायला लागेल, पोरांचा विरस होईल, हे त्याने मनात आधीच मोजलेलं असतं.

म्हणून सगळ्यात आधी एक करा. त्यांना ‘चला ना आमच्याबरोबर’ असं म्हणू नका. ‘भाऊजी, रस्ता तुम्ही ठरवा’ असं म्हणा. हे मी त्यांना बरं वाटावं म्हणून सुचवत नाही. तुमच्या घरात चढ म्हणजे काय हे खरं फक्त त्यांना माहीत आहे. वर्षानुवर्षं हाताने तीनचाकी ओढणाऱ्या माणसाला गावातल्या प्रत्येक पुलाचा, प्रत्येक गतिरोधकाचा हिशेब पाठ असतो. कुठे हात भरून येतात, कुठे चाक आपोआप पळतं, कुठे ब्रेक आधीपासून धरावा लागतो. तुमच्या मुलाने गिअरच्या सायकलवर ते अजून शिकलेलं नाही.

हे मला उशिरा समजलं. काही वर्षांपूर्वी आम्ही आठ जण खिरोद्याकडून सातपुड्यातल्या पालला सायकलने गेलो होतो. मीच सगळ्यांना गोळा केलं होतं. एका मित्राची बायको बऱ्याच वर्षांनी सायकलवर बसली होती. सपाटीवर ती आमच्यासोबत गप्पा मारत होती. केळीचे मळे संपले, सागाचं रान सुरू झालं, रस्त्याने डोंगर धरला आणि ती मागे पडत गेली. आम्ही पुढच्या वळणावर थांबायचो, ती दिसली की पुन्हा निघायचो. म्हणजे आम्हाला विश्रांती मिळायची आणि तिला कधीच नाही. शेवटी ती तासभर एकटी सायकल ढकलत आली. वर आल्यावर हसली, जेवली, काही बोलली नाही. त्यानंतर ती सायकलवर बसलेली मी पाहिलेली नाही. चूक तिच्या पायांची नव्हती. रस्ता मी निवडला होता आणि तो माझ्या पायांना बघून निवडला होता.

आता नणंदेने पाठवलेल्या फोटोंकडे येऊ. तो बोगद्यातला रस्ता बहुधा मॉन्सल ट्रेल असावा. पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान, १९५१ सालचं. भाग चांगलाच डोंगराळ आहे, तिथले साधे रस्ते भल्याभल्यांना दम लावतात. मग म्हातारी माणसं आणि तीनचाकीवाला तिथे इतक्या सहज कसे चालले? कारण तो मुळात सायकलचा रस्ताच नाही. ती आगगाडीची जुनी लाइन आहे. १९६८ साली ती बंद झाली, रूळ निघाले आणि मागे राहिलेल्या वाटेवर आता लोक चालतात, सायकली चालवतात, चाकाच्या खुर्च्या नेतात. लांबी साडेतेरा किलोमीटरच्या आसपास. तिच्यावरचे लांब बोगदे २०११ साली लोकांसाठी उघडले, त्याआधी वाट मधेच तुटायची आणि लोकांना डोंगराला वळसा घालून चढउतार करावा लागायचा. तिथे जवळपास तीनचाकी, हाताने फिरवायची सायकल, दोघांनी मिळून चालवायची सायकल अशा भाड्यानेही मिळतात.

ही गोष्ट रेल्वेवाल्या घराला समजवायला मला फार शब्द लागणार नाहीत. लोखंडाचं चाक लोखंडी रुळावर लवकर घसरतं, म्हणून आगगाडीला चढ फार सोसत नाही. डोंगर आला की इंजिनीअर बोगदा खणतो, दरी आली की पूल बांधतो, पण लाइनचा चढ शक्यतो शंभर मीटरला एक मीटरच्या आसपास ठेवतो. आपला कसाऱ्याचा घाट ३७ ला १ आहे, म्हणजे पावणेतीन टक्क्यांहून जरा कमी. तेवढ्यासाठीही गाडीला मागून जास्तीची इंजिनं लावावी लागतात, हे मिस्टर पोरांना माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. आणि आपले डोंगरातले मोटाररस्ते पाच-सहा टक्के सहज चढतात, वळणावर त्याहून जास्त. ज्या चढाच्या अर्ध्यावर आगगाडी मागून इंजिन मागते, तो चढ आपण नऊ वर्षांच्या मुलीला ‘होईल गं’ म्हणून सांगतो.

पाच टक्के चढावर सायकलसकट नव्वद किलोचं वजन ताशी आठ किलोमीटर वेगाने न्यायचं तर शंभर वॉटच्या वर ताकद सतत लागते. रोजचा व्यायाम नसलेल्या माणसाला तेवढी ताकद तासभर टिकवणं जड जातं. आणि हातांचा जोर पायांच्या साधारण दोन-तृतीयांशच असतो. त्यात दिरांची तीनचाकी जड असणार आणि बहुधा बिनगिअरची. म्हणजे घरातल्या सगळ्यांत जास्त काम त्यांना आणि तेही सगळ्यांत लहान इंजिनावर.

तेव्हा तोरणमाळचं आधी स्पष्ट सांगून टाकतो. शहाद्याहून तोरणमाळ ५५ किलोमीटरच्या आसपास. शहादा तापीच्या खोऱ्यात, दोनशे मीटरच्या आतल्या उंचीवर, आणि तोरणमाळ साडेअकराशे मीटरच्या आसपास. मुलगा गणित करून म्हणेल, हजार मीटर भागिले ५५ किलोमीटर, दोन टक्केसुद्धा चढ नाही. कागदावर बरोबर आहे. पण सातपुडा चढ असा वाटून देत नाही. तापीकाठचा पट्टा बराच वेळ सपाट राहतो, नंतर डोंगर एकदम समोर उभा राहतो आणि जवळजवळ सगळी चढाई शेवटच्या टप्प्यात, सातपायरीच्या घाटात जमा होते. सरासरीवर विश्वास ठेवून निघालेली माणसं तिथे बसकण मारतात. सगळ्या कुटुंबाने पहिल्याच खेपेला हा घाट सायकलने चढू नये. मुलाने आणि एखाद्या सवयीच्या मोठ्या माणसाने तो वेगळा करावा, तेही दोन-तीन महिने तयारी करून.

तोरणमाळला जायचं मात्र सोडू नका. मी कितीतरी लोकांना हे सांगतो आणि ते ऐकून घेत नाहीत, म्हणून तुम्हाला जरा जोर देऊन सांगतो: वर गाडीने जा, सायकली वर उतरवा. तोरणमाळ हे पठार आहे. यशवंत तलावाच्या आसपासचे रस्ते, गोरखनाथाचं मंदिर, सीताखाईच्या कड्यापर्यंतचा भाग, एवढं फिरण्यात एक सकाळ छान जाते. चढउतार तिथेही आहेत, पण छोटे, उतरून ढकलता येतील असे. डोंगरावर सायकल चालवायची म्हणजे डोंगर चढलाच पाहिजे असं कुणी सांगितलंय? सीताखाईपाशी मात्र सायकल बरीच मागे उभी करा आणि मुलांचे हात धरूनच कड्याकडे जा. भुसावळहून ते लांब आहे, दोन दिवस आणि एक मुक्काम धरा. नणंद पंधरा दिवस आहे म्हणता, तर दुसऱ्या आठवड्यात ठेवा.

पहिली सहल मी पाटणादेवीची करेन. आता म्हणाल की सातपुडा विचारला आणि हा आम्हाला चाळीसगावला पाठवतोय. खरंय, पाटणादेवी सातपुड्यात नाही, ती खान्देशाच्या दक्षिणेच्या डोंगरात, गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येते. पण तुमच्या घरासाठी तो रस्ता मला जास्त योग्य वाटतो. चाळीसगावपासून देवीचं मंदिर साधारण १८ किलोमीटर. सुरुवातीला शेतं, मग पाटणे गाव, मग डोंगर दोन्ही बाजूंनी जवळ येतात आणि रस्ता दरीच्या तोंडातून आत शिरतो. घाट चढावा लागत नाही. मंदिर डोंगराच्या पोटात आहे, माथ्यावर नाही. जाताना रस्ता हळूहळू उचलत नेतो आणि येताना तोच आपल्याला परत देतो. दमलेल्या माणसांना परतीला उतार मिळणं हे नवशिक्यांच्या सहलीत फार मोलाचं असतं. आधी उतार आणि नंतर चढ असेल, तर सकाळी मजेत गेलेली माणसं दुपारच्या उन्हात रडकुंडीला येतात.

दुसरं कारण दिरांच्या तीनचाकीचं आहे. पुढे एक चाक, मागे दोन, अशी ती असेल तर तिला कच्ची गाडीवाट चालत नाही. ट्रॅक्टर-बैलगाडीच्या वाटेवर दोन चाकोऱ्या असतात आणि मधे गवताचा उंचवटा. मागची दोन चाकं कशीबशी चाकोरीत बसतात आणि पुढचं चाक नेमकं त्या उंचवट्यावर चढतं. हँडल हाताला झटके देतं, माणूस दहा मिनिटांत थकतो. दोन चाकांची सायकल एका चाकोरीतून निघून जाते, म्हणून हे आपल्या लक्षातच येत नाही. त्यांना डांबरी लागणार. पाटणादेवीला डांबरी रस्ता मंदिराजवळपर्यंत जातो. तुमच्या सहलीचा रस्ता त्या पुढच्या चाकाने ठरवा, बाकीचे सगळे त्यावरून आरामात जातील.

आणि सगळ्यांनी १८ किलोमीटर करायचेच असंही नाही. मला या पत्रात खरं सांगायचंय ते इथे आहे. सगळ्यांची सुरुवात एकाच ठिकाणी व्हायला पाहिजे हा हट्ट सोडून द्या. पोहोचायची जागा आणि जेवायची जागा एक ठेवा. मुलगा आणि सोबत कुणी मोठं माणूस चाळीसगावातून उजाडल्याबरोबर निघू दे. तुम्ही आणि नणंद मुलांना घेऊन निम्म्या वाटेवरून निघा. दिरांनी आणि छोटीने शेवटचे चार-पाच किलोमीटर धरावेत, की सगळा रस्ता करावा, की जाताना टेम्पोतून आणि येताना उतारावर चालवत, हे त्यांचं त्यांनी ठरवावं. सासूबाई डबे घेऊन गाडीने पुढे. सगळे मंदिराजवळ अर्ध्या तासाच्या फरकाने पोहोचतील असा वेळ लावा. मुलगा धापा टाकत येईल तेव्हा काका तिथे आधीच बसलेले असतील आणि त्याला पाण्याची बाटली देतील. कोण किती लांबून आलं हे पंगतीत कुणी विचारत नाही.

पंगत म्हटलं म्हणून सांगतो. डिसेंबर म्हणजे भरताचा महिना. हिरव्या गुबगुबीत वांग्यांचं, कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं भरीत आणि कळण्याची भाकरी मँचेस्टरच्या मुलांना डोंगरात बसून खायला मिळाली, तर सायकल विसरतील पण ते विसरणार नाहीत. मात्र जंगलात चूल पेटवू नका, डिसेंबरातलं वाळलं गवत पेटायला वेळ लागत नाही. घरून किंवा चाळीसगावातून करून न्या. आणि माकडं डब्यावर टपलेली असतात, पिशवी सायकलच्या हँडलला लटकवून ठेवू नका.

जेवण झाल्यावर मुलांना तिथली एक गोष्ट जरूर सांगा. पाटण्याचा एक शिलालेख आहे, तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा, एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचा अभ्यास चालू राहावा म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने इथे मठ स्थापन केला, असं त्यात कोरलेलं आहे. आठशे वर्षांपूर्वी ज्या दरीत पोरं गणित शिकत होती, तिथे बसून तुमच्या मुलाला चढाचा हिशेब करायला सांगा. चाळीसगावची उंची आणि मंदिराची उंची फोनच्या नकाशावर मिळेल, अंतर सायकलच्या चाकाने मोजलेलं असेल. शिक्षिका तुम्ही आहात, पुढचं मी सांगायला नको.

एक धोक्याचं बोलतो. चाळीसगावहून कन्नडकडे जाणारा औट्रम घाट नकाशावर त्याच भागात दिसेल आणि मुलगा त्यावर बोट ठेवेल. तिथे सायकल घेऊन जाऊ देऊ नका. तो महामार्ग आहे, अरुंद वळणं आणि वाहनांची रीघ. तसाच आपला बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता. तो सातपुड्याच्या पायथ्यापायथ्याने रावेर, सावदा, फैजपूर, यावल, चोपडा असा जातो, डोंगर सतत उजव्या-डाव्या हाताला दिसत राहतो, त्यामुळे सायकलवाल्याला भुरळ पडते. पण केळीचे ट्रक त्यावरून दिवसरात्र चालतात आणि डिसेंबरात भर म्हणून कापसाच्या गाड्या, बोजा दोन्ही बाजूंना रस्त्याभर फुगलेला. पायथ्याच्या गावापर्यंत गाडीने जा, तिथून उत्तरेला डोंगराकडे वळणाऱ्या फाट्यावर सायकली उतरवा. आडगावकडून मनुदेवीला, अडावदकडून उनपदेवच्या गरम झऱ्याला, असे छोटे फाटे आहेत. पालला जायचं असेल तर तेही असंच: वर गावात उतरून आसपास फिरायचं. मुलगा घाट मागतोच आहे तर पालचा घाट त्याला वडिलांच्या गाडीच्या सोबतीने चढू द्या. तोरणमाळच्या आधी त्याची परीक्षा तिथे होईल.

नोव्हेंबरात घरच्या घरी सराव करा. त्यासाठी डोंगराची गरज नाही, पाटाचा रस्ता बघा. हतनूरचा कालवा यावल-चोपड्याच्या बाजूला जातो, तिकडे चाळीसगाव भागात गिरणेवरच्या जामदा बंधाऱ्याचे कालवे आहेत. कालव्याला आगगाडीपेक्षाही कमी उतार लागतो. पाणी धावलं तर काठ खातं, साचलं तर गाळ बसतो, म्हणून ते अगदी संथ उताराने डोंगराच्या कडेकडेने वळवत नेलेलं असतं. त्याच्या काठचा देखरेखीचा रस्ताही तसाच सपाट. पाणी जिथे सावकाश चालतं तिथे सायकल हलकी चालते, हे सूत्र कुठल्याही अनोळखी मुलखात वापरता येतं. तुमच्यासारख्या, वीस वर्षांनी सायकलवर बसणाऱ्या माणसाला याहून चांगली जागा नाही. पण कठडा कुठेच नसतो आणि रब्बीचं आवर्तन सुटलेलं असेल तेव्हा पाट भरून वाहत असतो. काठ तिरपा आणि गुळगुळीत असतो, पडलेलं माणूस आपल्या आपण वर येऊ शकत नाही. त्यामुळे मोठ्यांनीच, रस्त्याच्या पाण्यापासून लांबच्या कडेने, पाटकऱ्याला विचारून. मुलीला आणि सासूबाईंना तिथे नेऊ नका, आणि दिरांना तर वर सांगितलेल्या चाकोरीमुळे नकोच.

सहलीआधी एक रविवार रस्ता बघून यायचा. तो मोटारसायकलवरून बघू नका, इंजिनाला दोन टक्के चढ कळतच नाही. चालकांना विचारलं तर ते ‘एकदम प्लेन आहे’ म्हणतात आणि खोटं बोलत नसतात, त्यांना तो तसाच दिसतो. दिरांना सोबत न्या, निदान अवघड वाटतो तेवढा तुकडा तीनचाकीवरून करून बघू द्या. आणि गावात विचारायचंच तर शाळेच्या मुलींना विचारा. आठवीच्या पुढच्या कितीतरी मुलींना सरकारच्या मानव विकास योजनेतून शाळेत जायला सायकली मिळाल्या आहेत. कुठे उतरून ढकलावं लागतं आणि कुठल्या वळणावर कुत्री अंगावर येतात, हे त्यांच्याइतकं नेमकं कुणी सांगणार नाही.

तीनचाकीबद्दल थोडं अधिक. चढावर ढकलायची वेळ आली तर आधी विचारा, मगच हात लावा. त्यांनी ‘लाव’ म्हटलं की कसाऱ्याच्या मागच्या इंजिनासारखं लागायचं: मागून, सरळ, हळू, आणि चढ संपल्यावर सांगून सुटायचं. अचानक सोडलं तर हँडल वळतं. उतारावर मात्र तीनचाकीची खरी काळजी घ्या. ती सायकलसारखी वळणावर आत झुकत नाही, त्यामुळे वेगात वळली की उलटते. ब्रेक बहुधा एकाच चाकाला असतो. निघण्याआधी तो दुकानात नीट आवळून घ्या, रबर झिजलं असेल तर बदला, आणि उतारावर पायी चालण्याच्या वेगापेक्षा थोडाच जास्त वेग ठेवा. एक सायकल त्यांच्या पुढे आणि एक मागे असू दे. बाकीच्या सायकलींचंही तेच. लांब उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवला तर रिम तापते आणि पकड जाते. दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. घरात जुनी काळी, सळईच्या ब्रेकची सायकल असेल तर ती सपाटीलाच ठेवा.

मिस्टरांच्या गुडघ्यासाठी सीट वर घ्या. पायडल सगळ्यात खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहिला पाहिजे. आपल्याकडे पाय जमिनीला टेकावेत म्हणून सीट खाली ठेवायची पद्धत आहे, आणि गुडघ्याचं अर्धं दुखणं तिथून येतं. हलक्या गिअरवर पाय भरभर फिरू देत, जोर लावून रेटायचं नाही. तरीही दुखलं तर त्यांनी त्या दिवशी टेम्पो चालवावा.

काटे विसरू नका. बाभळीचा काटा आणि सराटा, हे दोघं खान्देशातल्या प्रत्येक सायकलीला भेटतात. जास्तीच्या ट्यूब, पंप, चकती आणि सोल्युशन घ्या, टायर काढायला येणारं एक माणूस प्रत्येक गटात असू द्या. सायकल रस्त्याच्या कडेच्या गवतात लोळवू नका, निम्मे पंक्चर तिथे होतात. सामानाला छोटा हत्ती टेम्पो करा, तीनचाकी त्यात उभी बसते आणि कुणी दमलं तर सायकलसकट उचलता येतं. तो गटाच्या मागे चालू दे, पुढे नको.

डिसेंबरात सातच्या सुमारास उजाडतं आणि सहाच्या आत सूर्य बुडतो. पहाटेची थंडी कडक असते, छोटीला कानटोपी आणि हातमोजे द्या. अभयारण्यात शिरताना वनखात्याच्या नाक्यावर नोंद करा, तिथल्या वनरक्षकाला रस्त्याचं विचारा आणि चारच्या सुमारास दरीतून बाहेर पडा. बिबट्याचं रान आहे, संध्याकाळी लहान मुलं मागेपुढे विखुरलेली नकोत. सुट्टीचा वार टाळा, मंदिराची गर्दी आणि गाड्या दोन्ही कमी मिळतील. दरीत फोनला रेंज मिळेलच असं नाही, म्हणून भेटायच्या जागा आणि वेळा आधी कागदावर लिहून प्रत्येकाच्या खिशात ठेवा.

राहिल्या सासूबाई. त्यांना तुम्ही सगळ्यांनी परस्पर गाडीत बसवलंय, मीही वर तेच केलं. त्यांना एकदा विचारा. ६८ वर्षांच्या बाईने कधी सायकल चालवली नसेल, पण दोघांची सायकल कुठे मिळाली तर मागच्या सीटवर बसून मंदिराजवळच्या सपाट तुकड्यावर एक फेरी मारायला त्या हो म्हणतील की नाही, हे मला सांगता येणार नाही आणि तुम्हालाही नाही.

दिरांशी बोलणं झालं की मला कळवा. त्यांनी पाटणादेवी सोडून दुसराच कुठला रस्ता काढला, तर तोही लिहा, मला तो बघायला जायचंय.